माझ्या कीबोर्डला कुंकू लागत नाही

पडघ्याच्या आमच्या गोडाऊनमध्ये माझ्या कीबोर्डवरून इतके किस्से झालेत की, कोणी चहाला बोलावलं तरी मी आधी विचारते, "कीबोर्डचा विषय काढणार नाही ना?" मला अजूनही राग येतो!

मी बिलिंगला. दिवसभर गाडीनंबर आणि वजनं टाइप करून मनगटं कामातून गेली होती. म्हणून छोटा, दोन तुकड्यांचा कीबोर्ड घेतला. त्याला अंकांची रांगच नाही. डावा अंगठा दाबून धरला की अक्षरांच्याच बटणांवर अंक येतात. कुठे काय ठेवायचं, हे माझं मी ठरवलं, महिनाभर खपून. याला लेयर म्हणतात. ऑफिसात याला नखरे म्हणतात.

*

पहिल्याच दिवशी जेवून आले, तर अर्धा कीबोर्ड गायब! डिस्पॅचच्या प्रदीपने तो स्वतःच्या टेबलावर नेलेला. वर मलाच म्हणतो, "एकटीला कशाला गं दोन?"

*

दादा आमचे मालक. गोडाऊन त्यांचं, मागच्या चाळीही त्यांच्याच. त्यांना लेयर समजावून सांगितले.

"म्हंजे एका बटणात चार-चार कोंबलंस? आन् लोक मला नावं ठेवतात, एका खोलीत चार भाडेकरू ठेवतो म्हणून!"

*

माझ्या उजव्या अंगठ्याखाली स्पेस नाही, एंटर आहे. मी नसताना प्रदीप माझ्या खुर्चीत बसून नारपोलीच्या पार्टीला मेसेज लिहायला लागला, "माल मिळणार नाही असं समजू नका." स्पेस समजून एंटर दाबत गेला. 'माल', 'मिळणार', 'नाही' एवढं गेलं आणि फोन वाजला!

शिव्या खाल्ल्या प्रदीपने, गुन्हेगार ठरला कीबोर्ड. दादा म्हणाले, "दसऱ्यापर्यंत ठेव. मंग सगल्यांसारखा लांब घ्यायचा." आणि माझ्या मनगटांचं काय? ते कोणी विचारलं नाही.

*

खंडेनवमीला वजनकाटा, फोर्कलिफ्ट, सगळ्यांचे कीबोर्ड, माउस, झाडून सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. माझा तेवढा वगळला! प्रदीप म्हणाला, "खेळण्याची पूजा नसते." संतापाने डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

तेवढ्यात नाशिकची गाडी फाटकात. बिलाशिवाय हलेना. आणि पूजेतल्या वस्तूला आमच्याकडे त्या दिवशी कोणी हात लावत नाही.

दादा घुटमळत माझ्या टेबलाशी आले. "तुझ्याला कुंकू न्हाय लागलं ना? काढ गो बिल. स्क्रीनला नुसतं बघायचं हाय."

"पण दादा, माउसला लागलंय," प्रदीप म्हणाला.

"तिसऱ्या लेयरवर माउस आहे माझ्या!" मी म्हटलं आणि बटणांनीच स्क्रीनवरचा बाण हलवून दाखवला.

बिल मोबाइलवर गेलं, गाडी सुटली. दादा हळदकुंकवाचं ताट उचलून थेट माझ्याकडे आले.

मी दोन हातांनी दोन्ही तुकडे झाकले. "दादा, थांबा! अजून दोन गाड्या यायच्यात!"