नवरदेवाचा पांढरा शर्ट

पाणी शिंपडलेल्या सुती शर्टावर गरम इस्त्री ठेवली की जो वास येतो, त्यानं सुरतच्या या लाँड्रीतही मला बोरी अरबचं आमचं अंगण आठवतं. तेव्हा शाळा सोडून मी घरीच होतो, बहिणीचं लग्न होतं आणि भाव नसल्यानं कापूस घरातच पडून होता. नवरदेवाला सूट मुलीकडच्यांनी द्यायचा, पण तेवढं आम्हाला जमलं नव्हतं. वरात दारात आली आणि नवरदेवाच्या काकांनी विचारलंच, "कोट दिसून नाही राह्यला?" बाबांनी मान खाली घातली. आता नवरदेव रुसणार आणि लग्न अडणार, असं मला वाटलं. तर नवरदेवच म्हणाला, "काका, या उन्हात कोट घालून मले उकडता का?" मग बाबांकडे वळला, "मामाजी, टेम्पोत शर्ट चुरगळला. प्रेस आहे का घरी?" मी धावत कोळशाची इस्त्री आणली. पाणी शिंपडून शर्टावर फिरवली, तर कॉलर अशी ताठ बसली की काकाच म्हणाले, "पोरगं साहेबावानी दिसते बुवा." बाबांनी तेव्हा कुठे पाणी मागितलं आणि दोन गिलास उभ्यानंच प्यायले. आता रोज लोकांचे भारी कोट हाताखालून जातात. पण पांढरा शर्ट आला की कॉलर जपून दाबतो, मनातल्या मनात भाऊजींना हात जोडतो, आणि इस्त्री उभी करून घोटभर पाणी पितो.