तोफेनं पुसलेला वर्ग

बेचाळिसाव्या वर्षी मी बी.ए.ला नाव घातलं तेव्हा थोरले दीर पोट धरून हसले. "आता साहेबीण होणार वाटतं!" म्हणाले. होईन नाहीतर नाही, तुमचं काय जातंय? ज्या विद्यापीठात शिकते तिथलेच मजले अकरा वर्षं पुसतेय मी. म्हणून तर परवडलं. कर्मचाऱ्याला निम्मी फी माफ, पण हजेरी भरली तरच. ती सवलत गेली तर पूर्ण फी भरायची माझी सात जन्मांत ऐपत नाही.

तास दहा ते बारा आणि ड्यूटी सात ते तीन. मुकादम म्हणाला, "तुझा मजला पुसायला माणूस आण, नाहीतर वर्ग विसर." तेव्हा तोफ पुढे आली. तोफ म्हणजे माझ्याबरोबर काम करणारी. वर्गखोल्यांचा मजला तिच्याकडे, ऑफिसांचा माझ्याकडे. ती तिसऱ्या मजल्यावर बोलली की तळमजल्यावर ऐकू येतं, म्हणून तोफ. "मी पुसते गं, तू जा," म्हणाली. तेव्हापासून रोज दोन तास स्वतःचं सांभाळून माझंही करते. बदल्यात काही देऊ केलं तर अंगावर येते.

आणि मी? बाथरूममध्ये गणवेश बदलायचा, केस नीट करायचे आणि वर्गात जाऊन बसायचं. शेजारच्या मुलींना वाटायचं, काकू कुठल्यातरी ऑफिसात असतील. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रोज पुसणाऱ्या बाईचं तोंड कोण बघतं, त्यामुळे खपून गेलं.

गेल्या मंगळवारी पुढच्या बाकावरच्या मुलाचा कॉफीचा ग्लास कलंडला. कॉफी वाहत थेट आमच्या बाकापर्यंत आली. मी अर्धी उठलेसुद्धा, फडकं आणायला! शेजारची म्हणाली, "काकू, बसा हो, येईल कुणीतरी." मी बसले.

तोफ आली. बादली ठेवून खाली बसली. पुढची एक मुलगी म्हणाली, "मावशी, बाकाखालीपण पुसा, आणि जरा लवकर." एरवी तोफेनं तिची खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी ब्र काढला नाही. माझा वर्ग होता ना तो! पुसत पुसत ती माझ्यापाशी आली, वर बघितलं आणि तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू.

मी मान खाली घातली. वहीत डोळे खुपसून बसले. एक अक्षर दिसत असेल तर शपथ. तिचा हात माझ्या चपलेशी आला तेव्हा इतर सगळ्यांसारखे मीही पाय वर घेतले.

ती गेली. मेली लाज कसली वाटली मला, आणि कुणाची? जिच्या जिवावर बाकावर बसलेय तिची!

जेवायच्या सुट्टीत सामानाच्या खोलीत गेले ते तिचे पाय धरायचेच, असं ठरवून. तर तिथे बायका डबे उघडून बसलेल्या आणि तोफ धडाडत होती. "अगं, मी हिच्या पायाशी पुसतेय, पण हिचं लक्ष आहे का! अशी बुडालेली वहीत! मघाशीच लेकीला फोन केला. म्हटलं, दोनदा नापास झालीस ना, अभ्यास कसा करतात ते येऊन बघ एकदा."

सगळ्या माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. मी दारातच उभी. तोफेनं मला हाताला धरून शेजारी बसवलं. मग तिला कधी जमत नाही इतक्या हळू आवाजात विचारलं, "खरंच दिसले नाही ना गं मी तुला?"

तिनं उद्या पुसायचं सोडलं तर माझा वर्ग सुटेल, हे त्याच क्षणी माझ्या मनात आलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

"नाही गं," मी म्हणाले.

"बघा!" ती बाकीच्यांना ओरडून म्हणाली, आणि आपल्या डब्यातलं निम्मं तिनं माझ्या झाकणात वाढलं.