गिऱ्हाणाचं टोपलं

१९८० साल. मी सत्तावीस वर्षांचा होतो. माघातली अवस. भर दुपारी ऊन पिवळं पडायला लागलं आणि गावच्या शेतकी सोसायटीच्या चेअरमननं दाराच्या फटीतून मला हाक मारली.

"ए, गिऱ्हाण लागलंय, दिसंना का बे? तुझी माय कुठं मेली? ती न्हाई तर तू माग. वरड. वरडल्याबिगर सुटत न्हाई."

मी सोसायटीच्या गोदामावर हमाल. गोदाम चेअरमनच्या घरासमोरच. त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. नांदूरघाटच्या बाजाराला माणसं बैल घेऊन जायची आणि नुसतं दावं हातात घेऊन परत यायची. मला पोती उचलायला मिळत होती म्हणून घरात भाकर होती.

गिऱ्हाण म्हणजे ग्रहण. राहू-केतू मांगाचे, असं गाव मानायचं. त्यांनी सूर्य गिळला की आम्ही मांगवाड्यातल्यांनी टोपलं घेऊन दारोदार वरडायचं, "दे दान, सुटे गिऱ्हाण." मग लोक वरूनच दाणे टाकायचे. फाटकी लुगडी, धोतरं टाकायचे. त्यांच्या अंगावरची पिडा आमच्या टोपल्यात.

आणि हा चेअरमन कोण? माझे गुरुजी. तिसरीला त्यांनीच शिकवलं मला.

चौथीत शाळा सुटली, पण एक धडा डोक्यात राहिला. सकाळच्या उन्हात गुरुजींनी आम्हाला पटांगणात नेलं. सूर्य वरचाच घेतला. वाण्याचं पोर पृथ्वी. मला चंद्र केलं. "पृथ्वीभोवती फिर. लांबून फिर, शिवू नको." पोरं हसली. मी फिरलो. फिरता फिरता सूर्याच्या आणि त्याच्या मधे आलो तशी माझी सावली त्या पोरावर पडली. "हेच सूर्यग्रहण," गुरुजी म्हणाले. "राहू न्हाई, केतू न्हाई. सावली." त्या पोराला घरी नेऊन आंघोळ घातली म्हणे. माझी सावली पडली म्हणून.

पाठीवरचं पोतं मी खाली ठेवलं.

"गुरुजी, तुमीच शिकवलं. चंद्राची सावली हाय ती."

दाराची फट अजून बारीक झाली. 

"ते शाळेतलं रे. हे घरातलं हाय. सून पोटुशी हाय माझी. वरड."

ऊन अजून उतरलं. कोंबड्या खुराड्याकडं निघाल्या. कुत्रं भुंकंना. सगळी दारं लावलेली, रस्त्यावर मी एकटा. चिंचेखाली उजेडाचे तुकडे पडले होते, विळ्यासारखे वाकडे. शेकडो विळे. मला भ्या वाटलं, खोटं कशाला सांगू. सूर्याचं नाही. त्या बंद दारांचं. दारं उघडल्यावर ही माणसं काय करतील त्याचं.

"वरडणार न्हाई," मी म्हणालो.

"मग उद्यापून पोत्याला हात लावू नको. आन् सुनंला काही झालं तर मांगवाडा पेटला म्हणून समज."

घरी आलो तर माय टोपलं घेऊन निघालीच होती. मी वाटेत आडवा आलो.

"सरक."

"माय, नुसती सावली हाय ती."

"मग सावली शिजवून घालू का तुझ्या पोरीला?"

गेली. त्या मेलेल्या उजेडात तिचा आवाज गावभर फिरत होता. दे दान. दे दान. मी उंबऱ्यावर बसून कान दाबले. तरी ऐकू आलं. ऊन परत आलं तेव्हा लोक म्हणाले, म्हातारीनं सोडवलं.

टोपलं भरून आणलं तिनं. वर गुरुजींचं जुनं धोतर.

"दोन पायल्या दाणे टाकले गुरुजींनी," माय म्हणाली. "म्हणले, पोरगं माजलंय तुझं, पर तू शहाणी हायस."

शिवी लागली नसती एवढं ते 'शहाणी' लागलं. माझं मी समजत होतो, धडा पाठ आहे, आता मला कोण वाकवतो. धडा तर शिकवणाऱ्यालाही पाठ होता. नुसतं ठाऊक असून काय होतं? टोपलं घरात होतं तोवर मीही गिऱ्हाणाचाच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिस कासराभर वर आल्यावर टोपलं डोक्यावर घेतलं.

"पोरीला काय घालू?" बायको म्हणाली.

तिच्याकडं न बघता मी उंबरा ओलांडला.  मायनं शिव्या दिल्या, त्या ऐकून घेतल्या. भर रस्त्यानं गेलो. दारं आता उघडी होती आणि दारादारात माणसं होती. गुरुजी ओट्यावर राखुंडीनं दात घासत होते. त्यांच्या पुढ्यात टोपलं पालथं केलं. दाणे, लुगडी, धोतर, सगळं.

"गावाची पिडा गावाला परत, गुरुजी. आमच्या घरातलं कुणी आता टोपलं घेणार न्हाई. पेटवायचं आसंल तर या. मी दारात हाय."

आणि घरी येऊन दारात बसलो. मांडीवर कुऱ्हाड घेऊन.