भोकाच्या तोंडावरची सोंगटी

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, आणि बसूला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे.

लातूर नुकतंच उस्मानाबादपासून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं. तोवर आम्हा कॅरमवाल्यांना कोण विचारतंय? संघ म्हणजे उस्मानाबादची पोरं. आता आपला स्वतःचा संघ होणार, पहिला! स्पर्धा ठेवली एका डाळमिलच्या शेडमध्ये. दुष्काळानं तूर आलीच नव्हती, मिल बंद, शेड रिकामं. दुहेरीतून फक्त जिंकणाऱ्या जोडीला संघात घ्यायचं, असं ठरलेलं.

माझा जोडीदार बसवराज, म्हणजे बसू. शाळेपासूनचा दोस्त. खेळायचा — अरे, काय खेळायचा! घरी भुसाराचं दुकान. बाप म्हणायचा, टिचक्या मारणं बंद कर अन् गल्ल्यावर बस. संघात नाव आलं तरच खेळू देईन, एवढं मात्र त्यानं कबूल केलं होतं. हे मला ठाऊक होतं. पुरतं ठाऊक होतं.

आणि बसूला माझं एक ठाऊक होतं. मोक्याच्या वेळी माझा हात कापतो. हे मी फक्त त्यालाच सांगितलं होतं, तेही लाजत लाजत.

फायनलच्या आधी मिलच्या मागं टँकर आला, म्हणून पाणी प्यायला गेलो. भिंतीपलीकडं बसू निवड करणाऱ्या सरांशी बोलत होता. "सर, त्याचा हात कापतो ऐन टायमाला. संघात मला दुसरा जोडीदार द्या."

काय वाटलं सांगू? भर चौकात कुणी अंगावरचा सदरा ओढून काढावा, तसं. आणि काढणारा कोण — तर बसू! पाणी न पिताच आत आलो.

तिथंच त्याची गचांडी धरली असती तर? भांडण झालं असतं, मिटलंही असतं. मी मुकाट त्याच्यासमोर जाऊन बसलो. दुहेरीत जोडीदार समोरासमोर बसतात, आणि बोलायचं नसतं. माझ्या पथ्यावरच पडलं.

शेवटच्या डावात राणी मीच घेतली. आता कव्हर म्हणून आपली राहिलेली एक सोंगटी घेतली की जिंकलो. ती भोकाच्या तोंडाशीच बसलेली, फुंकर मारली तरी पडावी अशी. बसू हसायला लागला होता. मी स्ट्रायकर लावला. हात — तो कापला असं सगळे म्हणतात. नाही हो! इतका स्थिर हात माझा कधीच नव्हता. मी नेम धरून सोंगटीच्या चुकीच्या अंगाला मारलं. मुद्दाम. ती बाजूला सरकली, राणी परत मधे गेली, आणि दुसऱ्या जोडीनं डाव नेला.

लोक माझ्यावर तुटून पडले. आणि मधे कोण पडलं? बसूच. "त्याला बोलू नका रे. हात कापतो त्याचा, त्यो तरी काय करंल?" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. सोयीचं होतं ना!

बसू गल्ल्यावर बसला तो बसलाच. बोर्डाला पुन्हा हात लावला नाही. त्यानं दगा दिला म्हणून मी दिला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तो जे बोलला ते खरं तरी होतं. माझं?

अजून त्याच्या दुकानात जातो. तो चहा मागवतो. सरांना तसं का म्हणालास, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं तर मी ते ऐकलं होतं, हे सांगावं लागेल. आणि तेवढं कळलं, की बाकीचं बसूला तिथंच कळेल.