माझं मन बदललेलं नाही

तारापूरच्या कारखान्यात मी ड्रमवर लावायची लेबलं टाइप करते. आत काय आहे, वजन किती, बॅच कोणती, हाताळताना काय जपायचं, हे लेबलावर असल्याशिवाय आमचा ड्रम गेटबाहेर जात नाही. एकदा माझ्याकडून वजन लिहायचं राहिलं, तर साहेबांनी भरलेला ट्रक थांबवला होता. त्यामुळे अर्धवट लिहिलेलं मला खपत नाही.

आधी मी पॅकिंगला होते. सीलिंग मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि मी टेबलावर आले. ऑफिसचा माऊस उजव्या हाताच्या घडणीचा. तो डाव्या हाताने चालवताना मनगट ठणकायचं, लेबलं मागे पडायची. "महिनाभर बघू, नाहीतर पुन्हा पॅकिंग," साहेब म्हणाले. त्या मशीनसमोर मला पुन्हा उभं राहायचं नव्हतं.

डाव्या हातात धरून बघायला मागितला, तर बोईसरच्या दुकानदाराने "डिब्बा नहीं खुलेगा" म्हणून हात वर केले. मग मोबाईलवर शोधू लागले, तर वर्णनं वाचून डोकं फिरलं. राजेशाही अनुभव, लोण्यासारखा स्पर्श, साऱ्या कुटुंबाची पसंती. अहो, माऊस विकताय की श्रीखंड? लांबी-रुंदी कुठेच नाही, फोटो एकाच बाजूचा. एकावर 'दोन्ही हातांसाठी' असं होतं. तरी मी विचारलंच, डाव्या हाताला चालेल का? उत्तर आलं, होय, सर्वांना चालेल.

माऊस आला. अंगठ्यासाठी खळगा केलेला, तो डाव्या बाजूला. म्हणजे सरळसरळ उजव्या हाताचा.

परत पाठवण्यासाठी डाव्या हातात धरून फोटो पाठवला. विक्रेत्यांनी कळवलं, उजव्या हाताने वापरल्यास अडचण येणार नाही, तरीही परत करायचा असल्यास 'मन बदललं' हे कारण निवडा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक त्यांची आणि मन माझं बदललं?

आई सातपाटीला मासळी विकते. घरी येऊन टोपली धुता धुता तिने सगळं ऐकलं. "टाक लिहून. कोण बघायला येतंय?"

"तू शिळा पापलेट ताजा म्हणून दिलास आणि गिऱ्हाईक परत आलं, तर त्याचं मन बदललं म्हणशील?"

"मी आधी गलफडं उघडून दावते, मंगच देते," ती फणकारली. मग हात पुसून तिने मोबाईल मागितला.

बोटं गेल्यापासून मी तो हात ओढणीखाली ठेवला होता. भावाच्या लग्नाच्या एकाही फोटोत तो नाही. आता तोच बाहेर काढून माऊसवर ठेवला. लाज वाटली, पण रागापुढे ती टिकली नाही. पहिला फोटो काळाच आला.

"हात उजेडात घे," आई म्हणाली.

घेतला. फोटोखाली लिहिलं, 'माझं मन बदललेलं नाही. हा माझा उजवा हात. म्हणून मी डाव्या हाताचं विचारलं होतं.'

दोन दिवसांनी त्यांचा माणूस येऊन माऊसचा डबा घेऊन गेला. दुसरा माऊस मागवताना नव्या विक्रेत्याला आधीच तो फोटो पाठवला. त्याने माऊसशेजारी मोजपट्टी ठेवून चारही बाजूंचे फोटो काढून पाठवले. महिना संपला तेव्हा मी टेबलावरच होते.

ओढणी आता खांद्यावर असते.