बट्टीची परात

जळगावच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये तो मदतनीस आहे. प्रोस्टेट बघायला डॉक्टर शौचाच्या जागेतून प्रोब घालतात, तेव्हा पेशंटला कुशीवर धरून ठेवायचं काम त्याचं. माझी तीनदा तपासणी झाली. दर वेळी त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, माझ्यावर चादर ओढली आणि भिंतीकडे बघत म्हटलं, "अंग ढिलं सोडा, नाना. आत्ते व्हई जाई."

परवा पाचोऱ्याला लग्नाच्या पंगतीत तोच बट्टी वाढत आला. त्याचे हात दिसताच मी रिकाम्या ताटावर हात आडवा धरला. "पोट भरलंय," म्हणालो.

ओळख न दाखवता तो पुढे सरकला. दोन ताटं सोडून त्यानं परात दुसऱ्या वाढप्याच्या हातात दिली. हळूच बोलला, तरी मला ऐकू आलं, "तू वाढ. नाना उपाशी शेतस."