चंदेरी रेडिएटर

आमच्या कारखान्यात घाण काढायची पद्धत नव्हती, ती रंगवायची पद्धत होती. गंजलेले खांब, गळक्या टाक्या, तेलाने काळ्या पडलेल्या भिंती, सगळ्यांवर खंडेनवमीच्या आधी रंगाचा हात फिरे. मग पूजेच्या दिवशी वर्क्स मॅनेजर सपत्नीक येत, यंत्रांना हळदकुंकू वाहत, नारळ फोडत आणि 'यंत्र हेच आपलं दैवत' या विषयावर बोलत. त्या दैवतांना वर्षभर वेळेवर तेलही मिळत नसे हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरीही टाळ्या जोरात पडत, कारण भाषण संपल्याशिवाय पेढे वाटत नसत.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या त्या कारखान्यात मी देखभाल विभागात ज्युनिअर इंजिनियर होतो. कारखान्याचे मालट्रक रस्त्यात बंद पडले की त्यांना ओढून आणायला मागे क्रेन बसवलेली एक जुनी डिझेल गाडी होती. कागदोपत्री तिचं नाव भारदस्त इंग्रजी होतं. सगळे तिला टोचनगाडी म्हणत.

तिच्यावरचा ड्रायव्हर तळेगावच्या बाजूच्या एका खेड्यातला, चाळिशीचा. आम्ही त्याला मामा म्हणत असू. मामा टेंपररी होता. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नव्याने भरती, असं वर्षानुवर्षं चाललेलं. त्या वर्षी ड्रायव्हरांपैकी कुणाला तरी कायम करणार अशी बातमी होती आणि पाळी त्याचीच होती. आड आली ती गाडी. ती तापायची.

रिकामी असताना नाही. मागे ओझं असलं की. चाकणला कांद्याच्या बाजाराजवळ आमचा एखादा भरलेला ट्रक बंद पडे, मामा त्याला टोचन करून निघे, इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशीचा चढ लागला की काटा लाल रेषेला टेके आणि बॉनेटमधून वाफ येई. मग टोचनगाडी आणि तिच्यामागचा ट्रक, दोघंही रस्त्याच्या कडेला उभे. त्यांना आणायला तिसरी गाडी पाठवायची. ती पाहून मोशीची पोरं हसायची म्हणे. मला त्यात पोरांची चूक दिसत नाही.

आमच्या फोरमनचे उपाय ठरलेले होते. पहिल्यांदा फॅनबेल्ट बदलला. मग थर्मोस्टॅट काढून फेकला. वॉटर पंप नवा बसवला, पुढे हेड उतरवून गॅस्केट बदललं. प्रत्येक उपायानंतर ट्रायल व्हायची. ट्रायल म्हणजे फोरमन स्वतः मामाशेजारी बसून रिकामी गाडी हायवेने निगडीपर्यंत पळवायचा आणि परत यायचा. समोरून वारा भणाणतोय, मागे ओझं नाही. काटा कशाला हलेल? फोरमन खाली उतरून हात झटकत म्हणे, "गाडी टकाटक. दोष हाताचा आहे."

"साहेब, एकदा वझं लावून बगा की," मामा म्हणायचा.

"ओझं तुझ्या डोक्यात आहे. पाणी बघत नाहीस, गिअर बदलत नाहीस, आणि गाडीला नावं ठेवतोस."

दरवेळी मामाच्या फाईलमध्ये 'निष्काळजीपणा' हा शब्द आणखी एकदा पडायचा.

मामाही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. एकदा रेडिएटर थोडा गळत होता तर त्याने त्यात मूठभर हळद टाकली. ट्रकवाल्यांचा हा जुना उपाय. हळद फुगून भोक बुजवते. भोक बुजलंही. नंतर मी पाणी सोडायला नळी काढली तेव्हा बाहेर जे आलं त्याला पाणी म्हणणं धाडसाचं होतं. गंज, हळद आणि विहिरीच्या जड पाण्याचा क्षार यांचं शिळ्या पिठल्यासारखं काहीतरी घट्ट, कोमट आणि वास मारणारं माझ्या चपलेवर पडलं. दोन दिवस जेवणात पिवळं काही दिसलं की माझं ताट पुढे सरकायचं.

"मामा, ही काय भाजी आहे का?"

"न्हाई, पन पूजेला बाहेरनं चालती, तर आतनं का चालू न्हाई?"

मी रेडिएटर आतून धुवून काढला, तरी पुढच्या खेपेला गाडी तापलीच.

त्या खेपेनंतर मामाला नोटीस मिळाली. खुलासा द्या, नाहीतर पुढच्या ब्रेकनंतर येऊ नका. एवढ्या वर्षांची पाळी, आणि ती अशी जाणार होती. मामा ती नोटीस खिशात घालून आवारात गाडीपाशी उभा होता. मी गेलो तेव्हा इंजिन चालू होतं आणि बॉनेट उघडं. दुपारची वेळ. मी म्हटलं, हात जाळून घेण्यापेक्षा नुसतं बघत उभं राहू. त्याने पुढच्या जाळीसमोर उभं राहून विडी पेटवली.

विडीचा धूर सरळ वर गेला.

मागे पंखा एवढ्या जोरात फिरतोय; त्याने समोरची हवा आत ओढायला हवी. धुराला त्याचा पत्ताच नव्हता. मी मामाला म्हटलं, "ती शेजारची गाडी चालू आहे ना? तिच्यासमोर जाऊन एक झुरका मारा."

मामाने माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण गेला. तिथे धूर तोंडातून निघाला आणि जाळीत गडप झाला.

"आयला! ह्ये काय वं साहेब? आपली धूर गिळंना."

मी स्क्रू ड्रायव्हरने टोचनगाडीचा रेडिएटर खरवडला. समोरून तो आरशासारखा चंदेरी दिसायचा. आवारातली तेवढीच वस्तू अशी होती जिच्याकडे बोट दाखवून मॅनेजर पाहुण्यांना 'मेंटेनन्स' म्हणत. चंदेरी पापुद्रा निघाला. खाली धूळ, चिलटं, गवताची कुसं. त्याखाली पुन्हा चंदेरी. मग पुन्हा धूळ, मग हिरवा, कुठल्या तरी आधीच्या साहेबांच्या आवडीचा. हवा जायच्या बारीक फटी या लेपाने पार बुजल्या होत्या. दर खंडेनवमीला पेंटर स्प्रे गन घेऊन येई, जाळीतून आत रंग मारी, आणि ओल्या रंगाला वर्षभराचा कचरा चिकटे. झाडाचं वय खोडावरून काढतात तशा त्या रेडिएटरवरून पूजा मोजता आल्या असत्या. रिकामी गाडी पळताना उरल्यासुरल्या फटींतून वारा घुसायचा. ओझं ओढत चढावर रांगताना सगळी भिस्त पंख्यावर, आणि पंख्यासमोर भिंत.

एवढ्या वर्षांत त्या रेडिएटरकडे कुणी पाहिलं नव्हतं, कारण तो स्वच्छ दिसत होता. मी तरी कुठे पाहिलं होतं? मला त्या चंदेरीपणाची किळस आली. हळदीच्या पिठल्याची आली होती त्याहून जास्त. ती घाण निदान घाणीसारखी दिसत होती.

रेडिएटर उतरवून भोसरीला नेला. तिथल्या रेडिएटरवाल्याने तो उजेडात धरला; पलीकडचं काही दिसेना. "ह्यो रंगवला कुणी? त्याला माझ्याकडं घेऊन या राव, चहा पाजतो. असा मानूस मला गिऱ्हाईक देतोय." त्याने तो कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून काढला, उरलेलं तारेने टोकरलं. निघालेला गाळ पत्र्याच्या डब्यात साचला. वर चंदेरी साय.

गाडी जोडल्यावर मी हट्ट धरला की ट्रायल ओझ्यासह. चाकणहून भरलेला ट्रक टोचन करून आणताना फोरमनने मामाशेजारी बसून सबंध रस्ता काट्यावर डोळे ठेवले, जणू काटा त्याची बेअदबी करणार होता. मोशीचा चढ गेला. काटा मध्यावर. फोरमन म्हणाला, "थर्मोस्टॅट काढल्याचा परिणाम आता दिसायला लागला."

मॅनेजरांसमोर मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "रंगाचा आदेश माझा होता. आदेशात दोष नव्हता, अंमलबजावणीत असेल. ड्रायव्हरने माफीपत्र द्यावं, गाडीकडे दुर्लक्ष झालं म्हणून. मग त्याच्या कायम होण्याचं बघतो."

माफीपत्र हेडक्लार्कने टाईप करूनही ठेवलं होतं. मामाने ते माझ्याकडून वाचून घेतलं.

"मामा, यात सगळा दोष तुमच्यावर आहे. सही करू नका. मी वर जातो."

"वर कुटं? वर तेच बसलेत न्हवं?" त्याने पेन मागितलं. "साहेब, मला कायम व्हायचंय, खरं न्हाई ठरायचं."

त्याने सावकाश, मोठ्या अक्षरात सही केली. मॅनेजरांनी तिच्याखाली 'मंजूर' लिहिलं, आणि त्याच महिन्यात मामा कायम झाला. मी त्याचं अभिनंदन केलं तेव्हा माझ्या तोंडाची चव गेलेली होती. त्याची गेलेली दिसली नाही. त्याने पेढे वाटले, फोरमनलाही.

पुढच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पेंटर चंदेरी डबा घेऊन टोचनगाडीपाशी आला. मामा जाळीला पाठ लावून उभा.

"सरका मामा, साहेबांचा हुकूम हाय."

"साहेबांना म्हनावं, कायम मानूस उभा हाय हितं. आदी मला रंगवा, मंग गाडी."

हा आवाज मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. पेंटर डबा घेऊन परत गेला. वरून कुणी आलं नाही. कायम माणसाशी भांडायचं तर युनियन मधे येते, हे वरच्यांना पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी पूजेत मॅनेजर टोचनगाडीसमोर थबकले. सगळं आवार चकाकत होतं आणि रेडिएटर तेवढा मळकट काळा. त्यांनी झेंडूचा हार जाळीवर टाकला आणि पुढे गेले. भाषण सुरू झालं, 'यंत्र हेच आपलं दैवत'. मामाने इकडेतिकडे पाहिलं, हार जाळीवरून काढला आणि आरशाच्या दांड्याला अडकवला.